मापाऱ्याचं वजन

अमरावती,
रविवार, २१ फेब्रुवारी १९६०

चि. पंचफुला हिस मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

दोन महिन्यांतून एक पत्र लिहिणारा तुझा मामा एकाच महिन्यात दुसरं पत्र लिहितो आहे, म्हणजे तुझ्या मनात नाही नाही ते येईल. तसं काही नाही. मला साखर निघाली आहे, एवढंच. तुझ्या मामीने न्हाणीत मुंग्यांची रांग पाहिली आणि मला डॉक्टरकडे हाकललं. पेठेतल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्तदाब पाहिला, तोही चढलेला निघाला. म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर रोज सुई टोचून घ्यावी लागेल.

उपाय असा सांगितला की भाकर बंद, भात बंद, गूळ, साखर, बटाटा, रताळं सगळं बंद. अंडी, मटण, पालेभाजी आणि ताक चालेल. मी विचारलं, भाकर कमी करू का? म्हणाले, कमी नाही, बंद. तुला माहीतच आहे, आपल्याकडे जेवलास का असं कोणी विचारत नाही, भाकर खाल्लीस का असं विचारतात. आता मी त्याला काय उत्तर द्यायचं ते मला समजत नाही.

तीस वर्षं कापूस बाजारात दुसऱ्यांचा माल मोजला. आज बाजार बंद होता, तेव्हा पहिल्यांदा स्वतःला काट्यावर चढवलं. एकशे ब्याऐंशी रत्तल भरलो. डॉक्टरांना शब्द दिला आहे की पथ्य मोडणार नाही. दर रविवारी वजन करीन आणि आकडा तुला कळवीत जाईन. तू शाळेत पाढे शिकवतेस, तेव्हा वही तू ठेव.

मामी बरी आहे. ती म्हणते, काळजी करू नको म्हणून लिहा. स्वतः मात्र करते आहे.

तुझा मामा,
मोतीराम


अकोला,
२ मार्च १९६०

ती. मामाजींना पंचफुलाचा सविनय जयभीम.

पत्र वाचलं आणि आधी रडले. मग तुम्ही भाकरीशिवाय ताटावर बसलेले डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि हसू आलं, त्याबद्दल माफ करा. मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि तुमच्या घरी आले. तेव्हापासून माझ्या आठवणीत तुम्ही तीन भाकरी खाता आणि चौथी मामीनं वाढावी म्हणून उगाच चुलीकडे बघता.

पण तुम्ही शब्द दिलात ना, मग माझ्या लेखी ते काम झालंच. मी सातवीत असताना एक मोठा व्यापारी काटा जरा झुकवा म्हणून मागे लागला होता. तुम्ही माप सोडून घरी येऊन बसलात, आठ दिवस. शेवटी शेतकरीच अडून बसले की मोतीरामले बलावा, नाही तर गाड्या सोडत नाही. आपल्या वस्तीत मापाऱ्याचा परवाना मिळालेले तुम्ही पहिले, आणि त्या परवान्यावर आजवर बोट ठेवायला कोणाला जागा मिळाली नाही. अशा माणसाला ज्वारीची भाकर काय हरवणार?

वही घातली आहे. पहिल्या पानावर १८२ लिहिलं. पुढचा आकडा खालचा पाहिजे.

तुमची,
पंचफुला


अमरावती,
रविवार, १५ मे १९६०

चि. पंचफुला हिस जयभीम.

आजचं वजन एकशे त्रेसष्ट. डॉक्टर खूश आहेत, मुंग्या नाराज आहेत.

मंगळवारी बुद्धपौर्णिमा झाली. विहाराच्या मांडवात खीर वाढायचं काम यंदाही माझ्याकडे होतं. विहारातले देवराव म्हणाले, यंदा दुसऱ्याला देऊ, तुम्हाला त्रास होईल. मी म्हटलं, त्रास खाणाऱ्याला होतो, वाढणाऱ्याला नाही. दोनशे माणसांना वाढली. बोटाला लागलेली खीर धोतराला पुसली. त्याबद्दल तुझी मामी दोन दिवस बोलली नाही, कारण धोतर नवं होतं.

पहिला महिना मात्र अवघड गेला, हे तुला तेव्हा लिहिलं नाही. पोट भरलेलं असायचं आणि तरी जेवलो असं वाटायचं नाही. अंडी खाऊन माणूस उठतो तो पाहुण्यासारखा उठतो. आता सवय झाली आहे. लोटाभर ताक मीठ घालून पितो आणि वर खारवलेल्या मिरच्या, त्यानं जिभेचं समाधान होतं.

एक गोष्ट कळली ती लिहितो. तुझी मामी मैना गेले तीन महिने शेजारच्या गोदाबाईंच्या चुलीवर भाकरी थापते आणि तिथंच ओट्यावर बसून खाते, मला वास येऊ नये म्हणून. मला पत्ताच नव्हता. परवा काही मागायला गेलो तर ताट पदराखाली झाकून बसलेली. मी म्हटलं, मैना, माझ्यासमोर खा, मी लहान नाही. ती म्हणाली, "तुमी लहान नाही, पण मले गिळवत नाही." पंचफुला, मला वाटलं होतं पथ्य मी एकटाच करतो आहे.

मोतीराम


अकोला,
२८ जुलै १९६०

ती. मामाजींना सविनय जयभीम.

कालच्या कार्डावर १५६ वाचलं. पाच महिन्यांत सव्वीस रत्तल! चौथीच्या वर्गात वजाबाकी घ्यायची होती, तर मी तुमचेच आकडे फळ्यावर लिहिले. मुलींनी विचारलं, बाई, हे मामा सिनेमात आहेत का? मी म्हटलं, नाही, कापूस बाजारात आहेत.

आमच्या मोठ्या बाई, माणिकबाई, ऐकत होत्या. त्यांच्या भावालाही हाच आजार होता. त्या म्हणाल्या, सहा महिने सगळेच करतात, खरा माणूस नंतर कळतो. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही माझ्या मामाजींना ओळखत नाही. फार ताठ बोलले बहुतेक, पण बोलले ते बरं केलं.

नवे सदरे शिवून घ्या. जुन्यांत तुम्ही पोत्यात घातल्यासारखे दिसत असाल. मामीला सांगा, मी मेहकरी काठाचं लुगडं पाहून ठेवलं आहे, दिवाळीला आणते.

पंचफुला


अमरावती,
रविवार, ९ ऑक्टोबर १९६०

चि. पंचफुला हिस जयभीम.

सप्टेंबरचे आकडे पाठवले नाहीत म्हणून तू दोन कार्डं टाकलीस. कारण असं की ते पाठवावेसे वाटले नाहीत. एकशे साठ, मग एकशे चौसष्ट. बाजारात आता किलोचा नवा काटा बसला आहे. आज त्यावर उभा राहिलो तर सत्त्याहत्तर किलो.

मी काहीही वेगळं खाल्लेलं नाही. हे वाक्य लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि हसले. म्हणाले, काय मोतीराम, सणात हात सुटला वाटतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, भाकरीशिवाय तुम्हा लोकांना राहवत नाही, मला माहीत आहे. दवाखाना भरलेला होता. टेबलाच्या पलीकडून मोठ्याने विचारतात, सगळ्यांना ऐकू जातं. मी पुन्हा नाही म्हटलं आणि औषधाची बाटली घेऊन निघालो. तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बाकी ठीक. पावसाने चामडं आखडलं, म्हणून चपलांचे पट्टे ढिले करून घेतले. वस्तीतले लोक म्हणतात, मोतीरामजी, तब्येत पुन्हा भरली, तोंडावर तेज आलं. मैनाही खूश आहे. तिला माझं वाळलेलं तोंड आवडत नव्हतं.

मोतीराम


अकोला,
१६ ऑक्टोबर १९६०

ती. मामाजींना सविनय जयभीम.

आधी मला सांगा, त्या नव्या काट्यावर तुमचा भरवसा आहे का? मी पाटीवर मांडून पाहिलं. सत्त्याहत्तर किलो म्हणजे जवळजवळ एकशे सत्तर रत्तल होतात. जुलैत १५६ होता. चौदा रत्तल हवा खाऊन कशी चढतील? इथं अकोल्यातही सगळ्या दुकानांत नव्या मापांचा गोंधळ चालू आहे. मला खात्री आहे की चूक काट्याची आहे, तुमची नाही. जुन्या वजनांनी ताडून पाहा.

डॉक्टर जे बोलले ते वाचून संताप आला. दुसरा डॉक्टर बघा.

आणि लोक तब्येत भरली म्हणतात ते वाचून बरं वाटलं. तोंडावर तेज असेल तर आजार कसला?

दिवाळीला येणार होते, पण शिक्षकांचं शिबिर लागलं आहे. लुगडं अमरावतीला येणाऱ्या पुंजाजींच्या हातून पाठवते.

पंचफुला


अमरावती,
रविवार, ६ नोव्हेंबर १९६०

चि. पंचफुला हिस जयभीम.

काटा बरोबर आहे. सरकारी शिक्क्याची वजनं मागवून पाच किलोपासून शंभर किलोपर्यंत ताडून पाहिला. गुंजभर फरक नाही. तू सांगितलंस म्हणून नाही, मी आधीच तपासला होता. तुला वाटलं तसं मलाही वाटलं होतं.

आज ऐंशी किलो.

आता खाली जे लिहितो ते तुझ्या मामीचं आहे. ती सांगते आहे, मी लिहितो आहे. माझ्याविरुद्ध असलं तरी खाडाखोड करणार नाही असं कबूल केलं आहे.

"पंचफुला, तुया मामाले मी काई देत नाही. लोकं म्हणतात गोदाबाईच्या घरी चोरून खाते. गोदाबाईनं देवरावच्या बायकोले तोंडावर सांगतलं का मोतीरामजी माया ओट्यावर चढत नाही. पण लोकं हासते. डाक्टर म्हणे, तुमच्या बाईचा हात ढिला हाय. मी त्या दिवशी घरी येऊन लय रडली. तुया मामाले दम लागते. जिना चढला का दोनदा बसते. हे तो तुले लिहीन नाही."

लिहिलं. दम वयाने लागतो. बावन्न संपली.

डॉक्टर आता म्हणतात की खोटं बोलणाऱ्या रोग्याला औषध लागू पडत नाही. नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसांत उभं राहून म्हटलं होतं, खोटं बोलणार नाही. त्याआधीही बोलत नव्हतो, पण त्या दिवशी मोठ्याने म्हटलं. पंचफुला, साखर राहिली तरी चालेल, सुई टोचली तरी चालेल. हा एक शब्द मात्र माझ्यावर राहायला नको.

मोतीराम


अकोला,
१३ नोव्हेंबर १९६०

ती. मामाजींना सविनय जयभीम.

चार दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

माणिकबाईंना तुमचे आकडे दाखवले. त्या या वेळी हसल्या नाहीत, उलट माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, माझा भाऊ देवमाणूस होता, तरी डब्यातले लाडू खायचा आणि शपथ घ्यायचा. भुकेपुढे माणूस वाईट होत नाही, नुसता दुबळा होतो. वजन परत चढतं म्हणजे माणूस परत खातो, दुसरं कारण नसतं.

मामाजी, तुम्ही खात असाल तर मला तरी सांगा. मी कोणाला सांगणार नाही. मामीलाही नाही. मला तुमचा राग येणार नाही. तीन भाकरी खाणाऱ्या माणसाने आठ-नऊ महिने काढले हेच पुष्कळ आहे. पण काटा बरोबर आहे असं तुम्हीच लिहिता. मग मी दुसरं काय समजू?

वहीतले आकडे मी पुढे लिहिलेले नाहीत.

पंचफुला


अकोला,
११ डिसेंबर १९६०

ती. मामाजींना सविनय जयभीम.

चार आठवडे झाले, तुमचं अक्षर दिसलं नाही. तुम्ही रविवार चुकवत नाही. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मला नुसतं एक कार्ड टाका, त्यावर आकडाही नको, तुमचं नाव पुरे. नाताळच्या सुटीत मी येतेच आहे, पण तोवर धीर निघत नाही.

पंचफुला


अमरावती,
रविवार, १८ डिसेंबर १९६०

चि. पंचफुला हिस जयभीम.

तुझ्यावर रागावलो म्हणून लिहिलं नाही असं समजू नकोस. तुझं पत्र वाचलं आणि मला ते पटलं, म्हणून लिहिलं नाही.

तूच विचार कर. काटा मी स्वतः ताडला होता. तीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलो की माणूस चुकेल, काटा चुकत नाही. मग काटा खरा असेल तर खोटा कोण उरला? मीच. मला वाटू लागलं की मी झोपेत उठून खातो. मैनाला सांगितलं, ज्वारीच्या कोठीची किल्ली गोदाबाईकडे दे आणि रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी घाल. ती म्हणाली, "तुमी येडे झाले का?" मी ऐकलं नाही. तिने कडी घातली आणि दाराबाहेर सतरंजी टाकून निजू लागली. पंधरा दिवस असं चाललं. वजन त्र्याऐंशी झालं.

गुरुवारी परतवाड्याकडून चंद्रभान नावाचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. आमच्या कामात काट्याआधी हाताचं काम असतं. कोपरापर्यंत हात गाडीत घालायचा, कापूस मुठीत दाबायचा आणि सोडायचा. कोरडा कापूस लगेच फुलून वर येतो. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असलं की तो दाबला तसाच बसून राहतो. चंद्रभानचा बसून राहिला. अडत्या ओरडला, लोक जमले. चंद्रभान म्हणाला, "मोतीरामजी, लेकराची शपथ, मी पान्याचा थेंब नाही मारला. काहून मले चोर करून राहिले?" सगळे हसले. दुसऱ्या कोणत्याही वर्षी मीही हसलो असतो.

या वेळी हसू आलं नाही. मी म्हटलं, गाडी पूर्ण रिकामी करा. वरचा अर्धा कापूस कोरडा, खालचा ओला. वाटेत नाल्यात गाडी रुतली होती. पाणी खालून चढत गेलं आणि त्याला कळलंही नाही. म्हणजे शेतकरी खरा होता, काटा खरा होता, आणि तरी ते वजन कापसाचं नव्हतं.

मी तिथंच पोत्यावर बसलो. धोतर वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. सोडला तरी तो तसाच. मी शंभरपर्यंत मोजलं, पंचफुला, तो भरून आला नाही. गुडघ्यापर्यंत दाबत गेलो, सगळीकडे तेच. हे मांस नाही, पाणी आहे. माझ्यात पाणी चढलं आहे.

तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत हात घातला, स्वतःच्या पायाला लावायचं सुचलं नाही. पाय सुजतात हे दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. चपला पावसाने आखडल्या असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. तू काळजी करशील म्हणून लिहिलं. तेवढं एक खोटं माझ्या नावावर मांड. भाकरीचं मांडू नकोस.

मोतीराम


अकोला,
२१ डिसेंबर १९६०

ती. मामाजी,

पत्र मिळाल्याबरोबर मामीला घेऊन निघा. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तुमचं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. शेवट ऐकून त्या खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, एवढी तपासणी आमची शिकाऊ मुलं करत नाहीत, त्यांना उद्याच आणा.

माफी पत्रात मागत नाही. तुम्ही स्टेशनवर उतरलात की पायांशी बसून मागते. तुमच्यावर शंका घेणारं सगळं अमरावती एका बाजूला आणि मी एका बाजूला, माझा अपराध मोठा आहे. मी तर तुमच्या घरात वाढले होते.

पंचफुला


अकोला,
५ फेब्रुवारी १९६१

ती. मामाजींना आणि सौ. मामीला सविनय जयभीम.

तुम्ही परवा गाडीत बसलात आणि खोली एकदम मोठी वाटू लागली. मामीने सहा आठवडे माझ्या स्टोव्हवर अळणी स्वयंपाक केला, आता मला मिठाचं जेवण खारट लागतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला तिथं कोणाला दाखवता येईल. साखरेने आणि रक्तदाबाने तुमची मूत्रपिंडं आधीच दुखावली होती. त्यातून पाणी बाहेर पडेना. भाकर सुटल्यावर तुम्ही मिठाचं ताक आणि खाऱ्या मिरच्या धरल्या, आणि ते मीठ पाण्याला धरून ठेवत गेलं. पाणी उतरवणाऱ्या सुया सुरू झाल्या आणि मीठ बंद झालं तेव्हा सव्वीस दिवसांत चौदा किलो पाणी उतरलं. खाली राहिले एकोणसत्तर. म्हणजे काटा पुन्हा वर जात होता तेव्हाही तुमचं अंग खाली उतरतच होतं. पथ्य एक दिवसही मोडलं नव्हतं, हे त्या पाण्याखाली लिहिलेलं होतं आणि वाचायला कोणी तयार नव्हतं.

बाई मला व्हरांड्यात घेऊन म्हणाल्या की वीस वर्षांत असा रोगी पाहिला नाही. भूक मारणारे पुष्कळ पाहिले, म्हणाल्या, पण सगळ्यांनी खोटं ठरवल्यावरही पथ्य न सोडणारा हा पहिलाच. मी असते तर, म्हणाल्या, पहिल्याच दिवशी रागाने दोन भाकरी खाल्ल्या असत्या.

आता अंडी-मटण कमी, मीठ बंद, आणि रोज एक वेळ पाव भाकर चालेल. हो, चालेल. त्यांनीच लिहून दिलं आहे. बाकी त्या म्हणाल्या की हळूहळू बरं वाटेल, काळजीचं काही नाही.

वहीत १८२ रत्तलांपासून ६९ किलोपर्यंत सगळे आकडे भरले. मधली पानं कोरी सोडली होती, तीही भरली.

तुमची,
पंचफुला


अमरावती,
रविवार, १९ फेब्रुवारी १९६१

चि. पंचफुला हिस मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

काळजीचं काही नाही असं तू लिहितेस. तू शिक्षिका झालीस तरी तुला खोटं लिहिता येत नाही, अक्षर तिरकं जातं. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना स्वतः विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, दोन वर्षं, फार तर तीन. मला त्या आवडल्या. मैनाला अजून सांगितलेलं नाही, योग्य दिवशी मीच सांगीन. तू मध्ये पडू नकोस. आणि तू माझे पाय धरून स्टेशनवर बसलीस, हमालांची वाट अडली, तेव्हाच तो विषय संपला. पुन्हा काढू नकोस.

आता कालची हकीकत.

कागद मिळून पंधरा दिवस झाले तरी मैनाला धीर होत नव्हता, काल तिने आपल्या चुलीवर वर्षभराने तवा ठेवला. एक भाकर थापली, सुरीने चार भाग केले, एक माझ्या ताटात ठेवला आणि समोर बसली. मी खाल्ला. कसा लागला ते मला सांगता येत नाही. तिने आपले तीन भाग माझ्यासमोर बसून खाल्ले, हे मला जास्त आवडलं.

जेवून हात धुतले, सदरा बदलला आणि पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. मैना म्हणाली, "आता कायले जाता त्याच्याकडं?" मी म्हटलं, काम आहे. शनिवार असल्याने बाकं भरलेली होती. मी रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी पाहिलं आणि ओळखलं नाही, इतका मी वाळलो आहे. मी टेबलापाशी उभा राहिलो. ते जेवढ्या मोठ्याने विचारायचे, तेवढ्याच मोठ्याने मी बोललो.

म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमी मले दर खेपेले इचारत होते. म्हणून सांगाले आलो. आज म्या भाकर खाल्ली. पाव. वर्षात आज पयली."

मी अकोल्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, रागावतील, किंवा बाटली लिहून देऊन पुढच्याला बोलावतील. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्यांनी चष्मा काढला. टेबलाला वळसा घालून इकडे आले. वर्षभरात ते कधी इकडच्या बाजूला आले नव्हते. माझा हात हातात घेतला आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोतीरामजी, तुम्ही खरं बोलत होता. मी तुम्हाला तपासलंच नाही, नुसतं विचारत राहिलो."

बाहेर आलो, चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथं मला रडू आलं. रस्त्यावर, भर दुपारी, लोकांच्या देखत. पानवाल्याने विचारलं, काय झालं मोतीरामजी? मी त्याला सांगितलं, काही नाही झालं, आज जेवून आलो.

मोतीराम